रेती धुवायची नाही

जयाच्या बाबाले, म्हणजे माझ्या माणसाले, शालिकरामले, पाण्याचं वेड होतं. साधंसुधं नाई. गिलास तोंडाले लावायच्या आधी उजेडात धरून पाहणार, मंग वास घेणार, मंग पिणार. पाहुण्याच्या घरीबी तसंच. मले मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

साकोलीकडच्या आमच्या गावातून ते भिलाईले आले तवा कारखान्याची पयली भट्टी पेटायची होती. सगळे लोखंडाच्या मागं धावले, हे पाण्याच्या मागं. फिल्टर हाऊसमंदी कच्चे खलाशी, म्हणजे रोजंदारीचे मदतनीस, म्हणून लागले. धरणाचं गढूळ पाणी यायचं, त्यात तुरटी पडायची, रेतीच्या थरातून थे उतरायचं अन् सेक्टरातल्या, म्हणजे कारखान्याच्या वस्तीतल्या, नळाले जायचं. घरी आले का थेच पुराण. कोणती रेती जाड, कोणती बारीक, पाइपाचा कोणता वाल कवा फिरवायचा. मी म्हणायची, "अजी, भात जेवून राहिले का रेती?" हसायचे. माणूस भला होता, म्हणूनच तं सगळं झालं.

पाणीखात्याचे साहेब पुण्याकडचे. आधी विशाखापट्टणमच्या बंदरावर होते. तिथून काचेची भली मोठी पेटी घेऊन आले, अन् पेटीत समुद्राचे मासे. सात. पिवळ्या अंगावर काळे पट्टे, बोटाएवढे. त्यायच्यासाठी समुद्राचं पाणी दुधाच्या कॅनमंदी भरून रेल्वेनं यायचं, एक गार्ड साहेबाच्या ओळखीचा होता. आमच्या भिलाईत माणसायले धड रस्ता नव्हता, अन् साहेबाच्या बैठकीत समुद्र.

पण पाणी नासू लागलं. पंधरा दिवसात दोन मासे मेले. साहेबानं फिल्टर हाऊसमंदी विचारलं, पाण्यातला जाणता कोण? झालं, सगळ्यायनं आमच्या यायच्याकडं बोट केलं. "आपलाच मराठी माणूस आहे," साहेब म्हणाले, अन् आठ दिवसासाठी बंगल्यावर बोलावलं. बंगल्यामागची नोकराची खोली आमाले देल्ली. त्या आठ दिवसाचे तीन वर्षं झाले.

काम मात्र यायनं असं केलं का बस. लोणच्याच्या बरणीएवढी मोठी चिनी मातीची बरणी आणली. खाली गिट्टी, वर जाड रेती, मंग बारीक रेती, मधात कोळसा. पेटीतलं पाणी पंपाच्या हवेनं वर चढायचं, बरणीतून झिरपायचं अन् परत पेटीत पडायचं. अहिवाऱ्याकडून चुनखडीचे खडे आणून पेटीच्या तळाले टाकले, म्हणजे पाणी आंबट होत नाई म्हणे. पेटीतलं उडालेलं पाणी भरून काढायले नळाचं पाणी बादलीत दोन दिवस उघडं ठेवायचे, त्यातला औषधाचा वास उडून जावा म्हणून. एवढं तं त्यायनं माझ्या बाळंतपणातबी केलं नाई.

अन् एक गोष्ट ते घोकून घोकून सांगायचे. बरणीतली रेती धुवायची नाही. फिल्टर हाऊसमंदी रेती खालून वर सोडलेल्या उलट्या पाण्यानं धुतात, त्या सवयीनं यायनं इथंबी एकदा धुतली होती. दोन दिवसात पाणी दुधासारखं पांढरं झालं अन् एक मासा गेला. तवापासून हात लावला नाई. रेतीवर तपकिरी, बुळबुळीत साय धरली, अन् पाणी असं साफ का पेटी रिकामी वाटावी. "शेवंता, थे घाण नाई," ते मले म्हणायचे. "माशायची घाण थे खाते. तिच्यातच जीव आहे." साहेबालेबी त्यायनंच थे समजावून देल्लं. साहेब आलेल्या पाहुण्यायले कौतुकानं सांगायचे, आमचा शालिकराम रेती धुऊ देत नाही.

कौतुक चांगलं होतं, पण सुटका नव्हती. तीन वर्षात आमी गावाले गेलो नाई. दिवाळीले नाई, माझी माय वारली तवाबी मी एकटीच गेली. यायले एक दिवस हलता येत नव्हतं. पंप बंद पडला तं? उन्हाळ्यात पाणी उडून गेलं तं? त्या खोलीले एकच खिडकी, थे बंगल्याच्या भिंतीकडं. मले तिथं गुदमरून जायचं.

मंग एक दिवस फिल्टर हाऊसचा टिकाराम सायकल दामटत आला. पक्क्या ऑपरेटरची टेस्ट निघाली होती. पास झालं का सेक्टरात दोन खोल्याचं क्वार्टर, अन् जन्मभराची नोकरी. वयाची हद्द तीस. यायले तीस पुरे व्हायले चारच महिने होते, अन् टेस्ट तं वर्षा-दोन वर्षातून निघायची. म्हणजे आत्ता नाई तं कवाच नाई. अर्जावर फक्त साहेबाची सही पायजे होती.

हे सदरा धुऊन, घालून गेले. साहेब म्हणाले, "शालिकराम, हे चार मासे जिवंत आहेत तोवर तुला कसा सोडू? दुसऱ्याच्या हातात आठवडाभर तरी टिकतील का?"

यायनं मंग माळ्याले, दयारामले, शिकवलं. दयारामनं उन्हाळ्यात कमी झालेलं पाणी समुद्राच्या पाण्यानंच भरलं. पाणी उडते पण मीठ उडत नाई, थे त्याले कोण सांगणार? म्हणजे सांगतलं होतं, पण थो विसरला. मासे आडवे पडले. यायनं धावत जाऊन गोडं पाणी टाकलं अन् वाचवले. साहेब म्हणाले, "पाहिलंस?" झालं. जेवढं चांगलं काम करावं तेवढा फास घट्ट.

टेस्टले बारा दिवस राहिले. मी म्हटलं, "अजी, मरू द्या ना एकदाचे."

"मुक्या जिवायले?" ते म्हणाले. "माझ्या हातून नाई होणार."

त्यायच्या हातून नाई होणार. बरं.

बुधवारी ते दुर्गले स्टेशनवर कॅन आणायले गेले. साहेब ऑफिसले. मी बरणी उचलून मागच्या नळावर नेली. मले माहीत नव्हतं असं नाई. भोळी बनून सांगणार नाई मी. सगळं माहीत होतं, दहादा ऐकलं होतं. मी रेती परातीत काढली अन् तांदूळ धुते तशी धुतली. पाणी तपकिरी निघालं, मंग मळकट, मंग साफ. तरीबी अजून दोनदा धुतली. कोळसाबी धुतला. मंग सगळं होतं तसं भरून ठेवलं. मनात सेक्टरातलं क्वार्टर होतं. दोन खोल्या अन् समोर अंगण.

शुक्रवारी सकाळी पाणी पांढरं झालं. मासे वर येऊन तोंड उघडझाप करू लागले. यायनं दिवसभर कॅनच्या कॅन पाणी बदललं, पुरलं नाई. शनिवारी दोन गेले, रविवारी बाकीचे दोन.

मंग यायनं बरणीचं झाकण काढलं. रेती पांढरीझक होती. त्यायनं चिमूट घेऊन बोटात चोळली, वास घेतला. अन् मान वळवून माझ्याकडं पाहलं. बस, एवढंच. मी खाली पाहू लागली.

साहेब आले. त्यायनंबी रेती पाहली.

"ही कोणी धुतली?"

"मीच, साहेब," हे म्हणाले. "चूक झाली."

मले वाटलं जमीन फाटावी. बायकोचं नाव घेतलं तं आमाले दोघायलेबी उभ्या उभ्या हाकलतील, अन् पोट्टीले घेऊन जायचं कुठं, हेच त्यायच्या डोक्यात आलं असेल.

"चूक?" साहेब हळूच म्हणाले. आवाज चढवला असता तं बरं झालं असतं. "शालिकराम, रेती धुवायची नाही हे मला तूच शिकवलंस. सुटायचं म्हणून तू हे मुद्दाम केलंस."

यायनं बरणीचं झाकण परत लावलं.

"जो माणूस चार माशांच्या पाण्यात असा हात घालतो," साहेब म्हणाले, "त्याच्या हातात मी एवढ्या वस्तीचं पिण्याचं पाणी देणार नाही." अन् थेच त्यायनं कागदावर लिहून पाठवलं. टेस्ट गेली. फिल्टर हाऊसबी गेलं. ज्या माणसानं जन्मात कोणाले गढूळ पाण्याचा पेला देल्ला नाई, त्याच्या नावावर हे लागलं, अन् लावलं मी.

त्या दिवसापासून हे पाण्याबद्दल बोलायचे बंद झाले. मी गिलास देल्ला का डोळे मिटून पिऊन टाकायचे. मले रागावले असते, चार शब्द बोलले असते तं माझं मन हलकं झालं असतं. तेबी नाई. मी म्हटलं, "मी जाऊन सांगते साहेबाले." तं म्हणाले, "राहू दे."

चार दिवस मी राहू देल्लं. पाचव्या दिवशी नाई राहवलं. खोली सुटेपर्यंत साहेबानं यायले अंगण झाडायले लावलं होतं; सकाळी हे फाटकाकडं झाडायले गेले तवा, मी बंगल्याच्या व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. साहेब पेपर वाचत होते. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. परात, नळ, किती पाणी, कोळसाबी. म्हटलं, मले काय सजा द्यायची थे द्या, पण त्यायच्या कागदावरचं खोडा.

साहेबानं पेपर बाजूले ठेवला. माझ्याकडं पाहलं, अन् त्यायचे डोळे भरून आले.

"शेवंताबाई," ते म्हणाले, "नवऱ्यासाठी एवढं खोटं कोणी बोलत नाही. शालिकराम नशीबवान आहे." मी म्हटलं, खोटं नाई साहेब, पोट्टीची शपथ. त्यायनं हात वर करून मले थांबवलं. "पुरे. कागद बदलणार नाही, पण तुमच्याकडे पाहून मी त्याला काढत नाही. बागेचं काम करू दे. खोली तुमचीच, कधीच सोडायला लागणार नाही."

मी मागं आली. हे खराटा टेकवून उभे होते. कुठं गेलती, विचारलं. मी म्हटलं, साहेबाकडं गेलती, साहेब म्हणाले खोली आपलीच आहे, कवाच सोडावं लागणार नाई. त्यायनं "बरं" म्हटलं, अन् उरलेलं अंगण झाडायले घेतलं.