न सांगता शिवलेला कोट

कोर्टाच्या मागच्या गल्लीत वकिलांचे कोट आणि गाऊन शिवणाऱ्या बाईला सगळे कोटवाली म्हणायचे, अगदी तोंडावरसुद्धा. तिला त्याचं काही वाटत नसे. साठी उलटलेली, उंची बेताची, आवाज मात्र असा की कोर्टात पुकारा करायला ठेवली असती तर भोंग्याची गरज पडली नसती. लग्न केलं नाही. का केलं नाही, असं विचारलं की म्हणायची, "ट्रायलला आले होते दोघंतिघं. परत पाठवले." तिच्या दुकानाच्या वरच मी राहत असे. नोकरीतून मोकळी झाल्यापासून सकाळचा पेपर मी तिच्याकडेच वाचायची, त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.

कोटवालीच्या धाकट्या भावाचा मुलगा सतरा वर्षांचा असताना त्यानं त्यांच्याच इमारतीतल्या, कॉलेजात जाणाऱ्या एका मुलीवर जिन्यात बलात्कार केला. याला लोक 'तो प्रकार' वगैरे म्हणतात. मला असले मऊ शब्द चालत नाहीत. मुलगी गप्प बसली नाही, तिच्या आईवडिलांनी तिला गप्प बसवलंही नाही. खटला चालला, गुन्हा शाबीत झाला, आणि वय कमी म्हणून मुलाला सुधारगृहात पाठवलं. तेव्हा सगळीकडे दोन तट पडले होते. एक म्हणत होता, भर चौकात फोडून काढा. दुसरा म्हणत होता, पोर आहे, चुकलं, सुधारेल. दोन्हीकडच्यांचा घसा एकदमच बसला आणि दोघंही एकदमच विसरले. शिक्षा संपल्यावर त्या मुलानं राहायचं कुठे, हा प्रश्न एकालाही पडला नव्हता.

तो प्रश्न कोटवालीच्या दारात आला. मुलगा एकविशीत बाहेर पडला आणि भावानं काखा वर केल्या.

"ताई, घरात दोन मुली आहेत माझ्या. त्याला घरात घेतलं तर मी त्यांना कुठे पाठवू?"

"नको घेऊस. मी घेते," कोटवाली म्हणाली. भावाला ती एका शब्दानं टोचून बोलली नाही. त्याचंही खरं होतं.

तो यायच्या आदल्या दिवशी तिनं दुकानातल्या एकुलत्या एक कामगाराला समोर बसवलं. ही काजवाली. कोटांची काजं हातानं करायची आणि दिवसभर जिभेचीही टाचणी चालू ठेवायची.

"उद्यापासून माझा भाचा इथे येतोय. त्यानं काय केलंय ते आधी ऐक, मग तुझं काय ते ठरव."

काजवालीनं ऐकलं. सुई पिनकुशनमध्ये खोचली. "ठरवायचं काय? तो येणार असेल तर मी चालले."

"जा."

"जाते." ती उठली नाही. थोड्या वेळानं म्हणाली, "तो माझ्या मागे उभा राहता कामा नये. आणि संध्याकाळी मी आधी निघणार, तो नंतर."

"कबूल."

"आणि मी त्याच्याशी बोलणार नाही."

"तेवढीच दुकानात शांतता," कोटवाली म्हणाली.

मी मात्र स्पष्ट विचारलं, "अगं, तुला नक्की काय हवंय? त्याला सुधारायचंय की भावाची लाज झाकायचीय?"

"तो माणसांत राहायला हवा आणि परत कुणाच्या अंगावर त्याचा हात पडता कामा नये. मला दोन्ही एकदम हवंय."

सुधारगृहातल्या समुपदेशक बाईंनी तिला सांगितलं होतं की, ज्यांना सगळं ठाऊक आहे अशा माणसांत तो राहिला आणि काम करत राहिला तर आशा आहे. लपूनछपून, नाव बदलून राहिला तर भरवसा नाही. कोटवालीनं तेवढंच धरून ठेवलं. दर आठवड्याला तो त्या बाईंकडे जायचा. दुकानात आतल्या खोलीत इस्त्री, अस्तराची कच्ची शिलाई, बटणं. बायकांची मापं घ्यायची नाहीत. पुरुषांची घेताना दुकानाचा जो जुना नियम होता तोच: टेप लावण्याआधी तोंडानं सांगायचं, आता खांदा, आता छाती, आणि गिऱ्हाईक 'हं' म्हणेपर्यंत हात लावायचा नाही. हा नियम कोटवालीनं भाच्यासाठी काढला नव्हता. तरुणपणी तिनं स्वतःच्या हातांसाठी तो घातला होता, कारण वकील लोक गुदगुल्या झाल्या की हलतात आणि कोट बिघडतो.

मुलगा कसा होता? लोकांना वाटतं तसा नव्हता. डोळे लाल नव्हते, चेहरा क्रूर नव्हता. नाकावर मुरुमं होती आणि इस्त्री बरी करायचा. सुरुवातीला थोडा तोऱ्यातच असे. एकदा म्हणाला, "आत्या, ते झालं तेव्हा मी लहान..."

कोटवालीनं कात्री टेबलावर ठेवली. "ते झालं नाही. पाऊस पडला, भिंत कोसळली, याला झालं म्हणतात. तू केलंस."

"मी शिक्षा भोगलीय आत्या."

"भोगलीस. म्हणून तर इथे उभा आहेस. आता बोल नीट."

त्यानं इस्त्री उभी करून ठेवली. मग तो म्हणाला, "मी केलं तेव्हा." काजवालीनं मान वर केली नाही, पण तिचा दोरा तुटला.

असं वर्ष सरत आलं. मलाही वाटायला लागलं की बाईनं जमवलं बहुतेक. आणि नेमकं तेव्हाच कोटवालीनं एक घोडचूक केली. अशी चूक शिंप्यालाच सुचू शकते.

ती मुलगी मधल्या काळात शिकून वकील झाली होती आणि आमच्याच गल्लीच्या टोकाला एका वकिलाच्या ऑफिसात कामाला लागली होती. कोटवालीनं तिला ओळखलं. मला सांगितलं नाही, भाच्याला सांगितलं नाही. रोज सकाळी तिला दुकानावरून जाताना बघायची. अंगात कुणाचा तरी जुना, खांद्यावरून उतरलेला काळा कोट. कोटवालीला ते बघवेना. तिची नजर म्हणजे टेपच होती. रस्त्यानं जाणाऱ्याचा खांदा किती, बाही किती, ती चालता चालता सांगायची. महिनाभर बघितलं, कापड आणलं, आणि घरी बसून तिनं त्या मुलीसाठी कोट शिवला. ऑफिसातल्या कारकुनाच्या हाती पाठवला. 'जुन्या ओळखीकडून' एवढाच निरोप.

चौथ्या की पाचव्या दिवशी मुलगी दुकानात आली. कोट हातावर घडी घातलेला. मी पेपर वाचत होते, काजवाली काजं करत होती.

"हा तुम्ही शिवला?"

"हो," कोटवाली म्हणाली.

"कारकुनाला खोदून विचारलं तेव्हा कळलं. मी तुम्हाला कोर्टात पाहिलंय. मागच्या बाकावर, त्याच्या बाजूला बसायचात."

"त्याची आत्या मी."

मुलीनं कोट टेबलावर ठेवला. आवाज अजिबात चढला नाही. "मी माप दिलं नव्हतं. आणि हा मला इतका नेमका बसतो की ऑफिसात सगळे म्हणाले, एकदाचा तुझ्या अंगाला बसेल असा कोट मिळाला बघ. तुम्ही कसं केलंत हे?"

"येताजाता बघून," कोटवाली म्हणाली, आणि शब्द तोंडातून निघाले तशी तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुम्ही मला बघत होतात. मला न सांगता. रोज."

"मी हात लावला नाही म्हणून मला वाटलं..." कोटवालीनं टेबलावरचा कोट जवळ ओढला.

मुलीनं आतल्या दाराकडे पाहिलं. आतून वाफेचा आवाज येत होता. "तो इथे आहे?"

काजवालीनं डोळ्यांनी खुणावलं, नाही म्हण. मीही तेच म्हटलं असतं, उगाच कशाला?

"आहे. आत इस्त्री करतोय," कोटवाली म्हणाली.

मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. पाणी देऊ केलं, घेतलं नाही. मग म्हणाली, "त्याला फासावर चढवा असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. तो शिकू दे, काम करू दे, चांगला होऊ दे. खरंच होऊ दे. पण तो चांगला होतोय हे रोज माझ्या वाटेवर का? मी या गल्लीतून जाते. मला माहीत नव्हतं. आता माहीत झालं."

ती गेली. आत इस्त्रीचा आवाज थांबला होता. अस्तर करपल्याचा वास आला तेव्हा कोटवाली उठली.

त्या दुपारी दुकान बंद ठेवून आम्ही तिघी भांडलो. काजवाली म्हणाली, "मी केव्हाची सांगतेय, घालवा त्याला." मी म्हणाले, "घालवायचं का? कायद्यानं सांगितलेलं त्यानं भोगलंय, कष्ट करून खातोय. त्या मुलीला पलीकडचा रस्ता आहे की. जरा लांब पडेल." माझं बोलणं कायद्याला धरून होतं आणि अजूनही आहे. पण कोटवालीनं माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपर उघडला.

"पलीकडचा रस्ता तिनं घ्यायचा?" ती म्हणाली. "एका जिन्यावरून तिनं घर बदललं. आता गल्ली बदलायची. मग काय, कोर्ट बदलायचं?"

भाचा हातात इस्त्रीचा एक कोट घेऊन दारात येऊन उभा होता. "मी जातो, आत्या. दुसऱ्या गावी काम बघतो. माझ्यापायी तुझं दुकान नको बुडायला."

"हा मोठेपणा माझ्यापुढे नको. तिथे तुला कोण विचारणार, काय केलं होतंस म्हणून? कोणी नाही. तेच तर हवंय तुला."

तो रडला. मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून रागही आला. काजवाली त्याच्याशी एक शब्द न बोलण्याच्या नियमाला धरून मला म्हणाली, "त्याला म्हणावं, नाक पूस. बाहीला नको, ती वकिलाची आहे."

कोटवालीनं तो कोट त्याच संध्याकाळी उसवला, तुकडे वेगळे केले. ते त्या मुलीला पोचवून माफी मागायचं तिच्या मनात होतं, पण मी अडवलं. पुन्हा न बोलावता कशाला जायचंस, म्हटलं. तेवढं माझं ऐकलं.

आणि दोन महिन्यांत कोटवालीच भाच्याला घेऊन गल्ली सोडून गेली. तीस-एक वर्षांचं दुकान, हायकोर्टात गेलेली गिऱ्हाइकंसुद्धा जिथे परत यायची, ते तिनं काजवालीच्या हवाली केलं आणि बस डेपोच्या पलीकडे एक पत्र्याचा गाळा घेतला. तिथे ड्रायव्हर-कंडक्टरांचे खाकी शर्ट शिवायचे. कॉलर जाड, काज मोठं, कौतुक करणारं कोणी नाही. "या वयात हातातली कला मातीत घालतेस," मी म्हणाले. "शर्टालाही खांदे असतात," म्हणाली. पण ती खाकी कापताना मी पाहिलं आहे. तिला ते आवडत नाही. शेवटपर्यंत आवडणार नाही.

मागच्या महिन्यात मी तिकडे गेले त्या दिवशी तिनं मशीनवर बसायला एक तरुण मुलगी ठरवली होती. डेपोतल्या कंडक्टरची बहीण, पेडलवर पाय हलका. कोटवालीनं तिला बसवलं आणि भाच्याला हाक मारली. "ये. हिला सांग."

"तू सांग ना, आत्या."

"मागे मी सांगितलं. यापुढे तू सांगायचंस."

तो समोर आला, पण तिच्यापासून चांगला लांब उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं. त्यानं सांगितलं. चार वाक्यं असतील. कुणावर, कुठे, किती वर्षं आत होतो, आता कुणाकडे जातो. 'झालं' एकदाही म्हणाला नाही. मुलीनं पेडलवरचा पाय काढला. ती उठली, पर्स उचलली, "घरी विचारून सांगते," म्हणाली आणि गेली.

"गेली," भाचा म्हणाला.

"जाऊ दे. तिचा हक्क आहे," कोटवाली म्हणाली, आणि दोघं कामाला लागले.

मी त्या रात्री तिच्याकडेच राहिले होते, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गाळा उघडला तेव्हा तिथेच होते. ती मुलगी आली. सोबत भाऊ होता. तो दारात उभा राहून सगळ्यांकडे एकदा बघून ड्यूटीवर गेला. मुलीनं कुणाला काही विचारलं नाही. मशीन ओढलं, पाठ भिंतीला येईल आणि इस्त्रीचं टेबल समोर दिसेल असं फिरवलं. वायर पुरेना. भाच्यानं आतून जोडवायर आणली, तिच्यापर्यंत न जाता मधल्या टेबलावर ठेवली आणि आपल्या जागी परत गेला. ती उठून वायर घेऊन आली, मशीन लावलं आणि सुईत दोरा ओवला.