यतिनने अडवलेली हाउजी

अमेरिकेत रात्र व्हायला लागली, की यतिन करंदीकरची शिफ्ट सुरू व्हायची. मेलबर्नच्या उत्तरेला, क्रेगीबर्नमधल्या आपल्या घरात तो सकाळी हेडफोन चढवून बसला, की तिकडे न्यू जर्सीपासून टेक्सासपर्यंत माणसं जेवून-खाऊन ऑनलाइन जुगाराला बसलेली असायची. आणि यतिनचं काम काय, तर त्यांचे पैसे अडवायचे.

आता कुणी म्हणेल, ही कसली नोकरी? तर कार्डाने दिलेले पैसे काही आपल्या पायांनी चालत जात नाहीत. ते पोचवणाऱ्या कंपन्या मध्ये बसलेल्या असतात, तशातल्या एकीत यतिन होता. अमेरिकेतला माणूस परदेशी जुगारात पैसे लावतोय असा वास आला, की पोचवणाऱ्याने हात आखडता घ्यायचा, असा तिकडचा कायदा. पण जुगारवाले आपल्या नावाची पाटी थोडीच लावतात? एका पठ्ठ्याने तर दिव्यांचं दुकान थाटलं होतं. दुकानात दिवे सगळे मिळून तीन, आणि ओहायोतलं एक गिऱ्हाईक रोज रात्री तोच दिवा घेतंय, पुन्हा पुन्हा, पहाटेपर्यंत! यतिनने तो धंदा बंद केला, तेव्हा गिऱ्हाइकाचाच फोन आला. म्हणाला, "मला दिवे आवडतात."

यतिन पोट धरून हसला होता. पण ती पहिल्या वर्षातली गोष्ट. दोन हजार वीस साल उजाडलं, करोना आला, आणि हसू आटलं. बार बंद, चर्च बंद, बायकापोरं दुसऱ्या गावात अडकलेली. माणसं एकटी पडली आणि खेळत सुटली. फोनवर शिव्या द्यायची, नाहीतर रडायची. एक म्हातारा म्हणाला, "बेटा, एवढं एकच उघडं होतं रे." यतिन म्हणाला, "आय अंडरस्टँड, सर." कंपनीने तेवढंच म्हणायला शिकवलं होतं. दिवसभर तेच म्हणून म्हणून जिभेला असं वळण पडलं, की बायको मयूरा म्हणाली, "दूध संपलंय," तर हा म्हणतो, "आय अंडरस्टँड."

"अंडरस्टँड नको, दूध आण," मयूरा म्हणाली.

मयूराचं स्वतःचं काम वेगळंच चाललं होतं. इकडे शिकायला आलेल्या मुलांची हॉटेलांतली, दुकानांतली कामं लॉकडाऊनमध्ये एका फटक्यात गेली. सरकारची मदत इथल्या लोकांना, या पोरांना नाही. मयूराही एके काळी अशीच शिकायला आलेली, दोन बटाट्यांवर आठवडा काढलेली. ती आणि चित्रलेखाताई मिळून दर शनिवारी पोरांना डबे पाठवू लागल्या. चित्रलेखाताई म्हणजे दोन गल्ल्या सोडून राहणारी केटरिंगवाली. लग्नं-मुंजी बंद पडल्याने तिची पातेली रिकामीच होती. डबे पोचवायचा परवाना तिच्याकडे होता, आणि पैसे जमा व्हायचे तेही तिच्या केटरिंगच्याच खात्यात.

पैसे कमी पडू लागले, तेव्हा गणपतीत चित्रलेखाताईने टूम काढली. झूमवर हाउजी! तिकिटं विकायची, जिंकणाऱ्यांना रोख बक्षिसं द्यायची आणि उरेल ते डब्यांना. मेलबर्नातल्यांनी घेतली, त्यांनी अमेरिकेतल्या मावश्या-आत्यांना कळवलं, आणि घरात कोंडलेल्या त्या मावश्या तुटून पडल्या. तिकिटाचे दर काय ठेवले? आपल्या माणसांनी ठेवावेत तेच. अकरा डॉलर, एकवीस डॉलर, एकावन्न डॉलर. देवाच्या नावाने द्यायचं, तर वर एक नको का?

मंगळवारची गोष्ट. यतिनच्या पडद्यावर सकाळपासून संशयित खात्यांची रांग लागली होती. डोळे चुरचुरत होते, मान दगड झाली होती. एक खातं उघडलं, नावाच्या जागी नुसता नंबर. ऑस्ट्रेलियातली केटरिंग कंपनी, गिऱ्हाइकं अमेरिकेतली. म्हणजे मेलबर्नातलं जेवण न्यू जर्सीला? रकमा अकरा, एकवीस, एकावन्न, पुन्हा अकरा, पुन्हा एकवीस. अशा विचित्र रकमा रात्रीच्या वेळी ओळीने पडताहेत, आणि मजकुराच्या जागी लिहिलंय "फुल हाउस". यतिनला तो दिवेवाला आठवला. त्याने खातं गोठवलं आणि पुढचं उघडलं.

डुलकी काढावी म्हणून तो दुपारी खाली आला, तर मयूरा ओट्याशी फोन धरून उभी.

"यतिन, चित्रलेखाताईंचं खातं बंद झालंय. शनिवारचं सामान भरायचंय, आणि एक पैसा निघत नाहीये. तुमचीच कंपनी आहे म्हणे. बघ ना जरा, कोण गाढव बसलंय तिथे ते."

यतिन खुर्चीत बसला. "हाउजीची तिकिटं त्याच खात्यात घेतलीत?"

"मग कुठे घेणार?"

"मयूरा, तो गाढव मीच."

ती आधी हसली. मग त्याचा चेहरा बघून थांबली. "बरं, चुकून झालं. आता उघड. एक बटण तर दाबायचं."

"चुकून नाही झालं. तिकीट काढायचं, नशिबावर खेळायचं, रोख बक्षीस घ्यायचं. याला काय म्हणतात?"

"हाउजी म्हणतात! माझी सुचित्रामावशी खेळतेय रे, सत्तरीची बाई. तिला जुगारी म्हणतोस?"

"मी नाही, कायदा म्हणतो. आणि मी आपल्याच माणसाचं खातं उघडलं, तर उद्या नोकरी गेली."

"आणि शनिवारी ती पोरं काय खाणार, तुझा कायदा?"

यतिनच्या तोंडून निघून गेलं, "आय अंडरस्टँड." मयूराने फोन ओट्यावर आपटला आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तो वर गेला. ते खातं पुन्हा पडद्यावर आणलं. बटण समोरच होतं. उघडलं असतं तर कदाचित कुणाला कळलंही नसतं. पण दिवेवाल्याच्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं आणि मावशीला हो, मग सकाळपासून आपण करतो ते काय? मग सिडनीतल्या आपल्या बॉसला, लीनाला, फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

लीना हॅरिस पार्कच्या एका फ्लॅटमध्ये बसून हीच कामं उपसत होती. थकून हसली. "यतिन, अकरा-एकवीस बघून तुला काहीच सुचलं नाही? तू मराठी ना?"

"कंटाळलो होतो गं. आकडे नुसते आकडेच दिसत होते."

"ऐक, हे खातं आता मी बघते, तू हात लावू नकोस. खेळ बंद, अमेरिकेतल्या सगळ्यांना तिकिटाचे पैसे परत. मग डब्यांचे पैसे मोकळे करते. पण तपासणीला पुढचा आठवडा उजाडेल."

"शनिवार?"

"शनिवार माझ्या हातात नाही रे."

मग दुसऱ्या दिवशी सकाळी यतिनने न्यू जर्सीला सुचित्रामावशीला फोन केला. मावशी म्हणजे मयूराच्या आईची धाकटी बहीण. अख्खा उन्हाळा तिने खिडकीत बसून काढला होता. ती कायदाबियदा ऐकून घेईना.

"म्हणजे मला पोलीस धरणार?"

"नाही मावशी, फक्त पैसे परत येतील."

"पैसे घाल चुलीत. झूम बंद करू नका हो, जावईबापू. बक्षीस नको, पण कुणीतरी आकडे ओरडा, आणि मला तुमची तोंडं दिसू देत."

तर हाउजी झाली. बिनतिकिटाची, बिनबक्षिसाची. मावशीचं फुल हाउस लागलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मयूरानेही वाजवल्या. यतिनशी मात्र चकार शब्द नाही.

शनिवारी यतिनने रजा टाकली. घरातले तांदूळ-डाळीचे डबे पुसून काढून तो चित्रलेखाताईच्या गॅरेजमध्ये गेला. शेजारपाजारच्यांनीही दाराशी मूठ-पसा आणून ठेवला होता, कुणी मूग, कुणी मसूर, कुणी अर्धी पिशवी बासमती. भाजीचं नाव नाही, पोळ्यांचं नाव नाही. सगळं एकत्र करून खिचडी टाकली. मास्क लावून, चष्म्यावर वाफ धरून यतिन डाव फिरवत होता. मयूरा दुसऱ्या टोकाला डबे भरत होती, आणि भरलेला डबा त्याच्याकडे न बघता सरकवत होती.

तेवढ्यात मयूराचा फोन वाजला. कुणीतरी मुलगी होती. स्पीकरवरून तिचा बिचकता आवाज आला, "काकू, आज पोळी-भाजी नाही का?"

"नाही गं. पोळी-भाजी आमच्या ह्यांनी ब्लॉक केली," मयूरा म्हणाली. "पण खिचडी स्वतः ढवळतायत. गरम आहे तोवर खा."

मग पहिल्यांदाच ती यतिनकडे वळली.

"खालून हलव जरा. लागतेय."

यतिनने खालून हलवायला सुरुवात केली.