राणीवर ठोकलेला हत्ती

मेलेल्यांवर राग धरू नये म्हणतात. पण हेलिओक्लिस मरून दोन हजार वर्षं झाली तरी मीनाक्षी देवतळेचा त्याच्यावरचा राग काही गेला नव्हता. नागपुरात एम.ए.ला असताना धरला, तो ती सामानाबरोबर अमेरिकेत बेलव्ह्यूला घेऊन आली.

हेलिओक्लिस हा पंजाब-गांधाराकडचा एक ग्रीक राजा. सिकंदरामागे बल्खात राहिलेल्या ग्रीकांच्या वंशजांनी पुढे हिंदुकुश ओलांडून आपल्याकडे राज्य थाटलं, आणि थाटलं तसं भाऊबंदकीत घालवलं. त्यांचा मोठा राजा मिनँडर गेल्यावर अगाथोक्लेया नावाच्या राणीने लहानग्या स्ट्रॅटोसाठी गादी सांभाळली. ती मिनँडरची विधवा आणि स्ट्रॅटोची आई असावी, असं बरेच जाणकार मानतात. तिच्या नाण्यावर एका बाजूला शिरस्त्राण घातलेला चेहरा आणि ग्रीकमध्ये तिचं नाव असे, दुसऱ्या बाजूला बसलेला देव आणि खरोष्ठीत, म्हणजे तिथल्या लोकांच्या लिपीत, स्ट्रॅटोचं. पुढे हेलिओक्लिसने त्यांचा मुलूख घेतला. त्यांची नाणी वितळवण्याचेसुद्धा कष्ट त्याने घेतले नाहीत. नाणं तापवलं, आपल्या साच्यात धरलं आणि हातोडा घातला. राणीच्या चेहऱ्यावर याचं तोंड आणि स्ट्रॅटोच्या नावावर याचा हत्ती. मीनाक्षी म्हणायची, मेल्याकडे स्वतःचं तांबंसुद्धा नव्हतं आणि मिजास बघा.

तिचे सर, एकनाथ खापरे, यांची एक सक्त शिस्त होती. नाणं हातात आलं की आधी पेन्सिलीने त्याचं चित्र काढायचं, दिसेल तो ओरखडा उतरवायचा, आणि मगच ते कुणाचं ते म्हणायचं. आधी नाव ठेवलं की डोळ्याला तेवढंच दिसतं, असं ते म्हणत. मीनाक्षी त्यांच्याकडे पाच वर्षं शिकली आणि विद्यापीठात पहिली आली. २००१ साली लग्न झालं. नवरा विवेक रेडमंडला सॉफ्टवेअरमध्ये, म्हणून ती त्याच्या व्हिसाच्या शेपटीला बांधलेल्या व्हिसावर अमेरिकेत आली. त्या व्हिसावर राहायला मुभा, स्वयंपाकाला मुभा, पण नोकरीला नाही. मंडळाच्या गणपतीत बायका विचारायच्या, मग दिवसभर करतेस काय? विचारणाऱ्यांतल्या निम्म्या त्याच व्हिसावर होत्या, आणि त्याचाच तिला जास्त संताप यायचा.

जवळच्या एका छोट्या कॉलेजचं म्युझियम होतं. तिथे कुणा मिशनऱ्याने दिलेली तीनशेबारा नाणी डब्यांत पडून होती. मीनाक्षीने फुकट काम करायची तयारी दाखवली आणि २००२ पासून दर मंगळवारी-गुरुवारी जाऊ लागली. तिथले प्रमुख डॉ. हॅलॉक ग्रीकचे पंडित होते, गोड बोलणारे, दार उघडून धरणारे. नाण्याची ग्रीक बाजू ते घडाघडा वाचत आणि खरोष्ठी बाजू खाली करून ठेवत. तिला ते ‘मीना’ म्हणत. तिने तीनदा सांगून पाहिलं. अगाथोक्लेया हे नाव न अडखळता घेणाऱ्या माणसाच्या जिभेला मीनाक्षी जड जात होतं.

२००४च्या वसंतात तिने एक चौकोनी तांब्याचं नाणं हातात घेतलं. जुन्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘हेलिओक्लिस, खराब छाप’. तिने शिस्तीप्रमाणे चित्र काढायला घेतलं. राजाच्या मानेमागे काहीतरी उंचवटा होता. उतरवता उतरवता तो शिरस्त्राणाचा तुरा झाला. उलट्या बाजूला हत्तीच्या पोटाखाली कुणाचा तरी वाकलेला गुडघा निघाला, आणि पाठीवर तीन खरोष्ठी अक्षरं. उजवीकडून डावीकडे तिने ती लावली. स्त्र, त, स. स्ट्रॅटोचं. छाप खराब नव्हताच, खाली राणीचं नाणं होतं. चित्राच्या कोपऱ्यात तिने तारीख घातली, खाली सही केली, आणि रडली. अशी नाणी जगात आधीही सापडली होती, हे तिला ठाऊक होतं. पण हे तिने ओळखलं होतं. या देशात आल्यापासून तिचं म्हणावं असं हे पहिलंच काही होतं.

हॅलॉकनी चित्र आणि तिचं टिपण ठेवून घेतलं, खूप वाखाणलं, म्हणाले, कॅटलॉग निघेल तेव्हा बघू. पीएच.डी.ला अर्ज करायचा तर त्यांचं शिफारसपत्र लागणार होतं. तेही देईन म्हणाले. ती अडीच वर्षं थांबली. त्या अडीच वर्षांत तिने सगळ्या तीनशेबारा नाण्यांची चित्रं काढली. अधूनमधून त्यांना कॉफीही आणून दिली, याचा पुढे तिला सगळ्यात जास्त राग आला.

२००६च्या नोव्हेंबरात कॅटलॉग छापून आला. पान सत्त्याऐंशी. तिचंच चित्र होतं, पण कोपरा कापलेला. जिथे सही आणि तारीख होती, बरोबर तेवढाच कापलेला. खाली ओळ होती: खालचा छाप आणि खरोष्ठी अक्षरं प्रथम डॉ. वॉरन हॅलॉक यांनी ओळखली. शेवटच्या पानावर आभार होते, त्यांत माळ्याच्या आणि पार्किंगवाल्याच्या मधे ‘आमची सदा हसतमुख मीना’.

ती पुस्तक घेऊन त्यांच्या खोलीत गेली. हॅलॉक अजिबात ओशाळले नाहीत. इथे स्वयंसेवकाचं काम म्युझियमच्या नावावर जातं, तिने पहिल्याच दिवशी तशा कागदावर सही केली आहे, असं त्यांनी समजावलं. मग मऊ आवाजात म्हणाले की तिचं पत्र ते याच आठवड्यात लिहिणार आहेत, आणि या घडीला मनात कडवटपणा येऊ नये असं त्यांना वाटतं. धमकी इतक्या सभ्यपणे देता येते हे मीनाक्षीला ठाऊक नव्हतं. जाता जाता त्यांनी कामही सांगितलं. कॅटलॉगच्या एकशेचाळीस प्रती निरनिराळ्या विद्यापीठांच्या ग्रंथालयांना पाठवायच्या होत्या. पाकिटं भरायला मीनाच बरी.

घरी विवेक म्हणाला, “हे बघ, डेडलाइन पंधरा डिसेंबर आहे. आधी लेटर हातात पडू दे यार, मग काय भांडायचं ते भांड.”

“आणि लेटर आल्यावर म्हणशील, अॅडमिशन होऊ दे. मग म्हणशील, डिग्री होऊ दे.”

“मी तुझ्याच बाजूने बोलतोय ना?”

“मग माझ्यावर का बोलून राहिला? त्याच्यावर बोल.”

विवेक वाईट नव्हता. शहाणा होता, आणि त्या दिवशी तिला शहाणा माणूस डोळ्यांसमोर नको होता.

गुरुवारी ती म्युझियमच्या मागच्या खोलीत बसली. बाहेर पाऊस लागला होता. पहिली प्रत उचलली, सत्त्याऐंशीवं पान उघडलं आणि चित्रांसाठी वापरायची काळ्या शाईची टोकदार लेखणी घेतली. ‘डॉ. वॉरन हॅलॉक’ या अक्षरांवरून तिने आपलं नाव लिहिलं. इंग्रजीत, पूर्ण, आणि खाली देवनागरीत. शेजारी चित्राची खरी तारीख घातली. खालचं छापील नाव तिने खोडलं नाही. कुणाला पाहायचं असेल तर दिसलं पाहिजे. शाई वाळली की पाकीट, आणि मग दुसरी प्रत.

साठ-एक प्रती झाल्यावर बोटं आखडली. अजून थांबता आलं असतं. लिहिलेल्या प्रती शाई सांडली म्हणून बाजूला टाकता आल्या असत्या, पंधरा डिसेंबर गाठता आला असता. तिने स्वतःला एक सणसणीत नागपुरी शिवी दिली आणि एकसष्टावी प्रत उघडली. शुक्रवारी तिथे दुसरी स्वयंसेविका असे, पण तिने बदली मागून घेतली आणि उरलेलं संपवलं. सोमवारी सकाळी ती स्वतः पाकिटं गाडीत घालून पोस्टात गेली आणि सगळी टाकून आली.

मंगळवारी तिने एक जादा प्रत हॅलॉकच्या टेबलावर तेच पान उघडून ठेवली. त्यांनी चष्मा लावून ते पान वाचलं.

“अशा किती प्रती आहेत?”

“एकशेचाळीस. काल सकाळी गेल्या.”

त्यांचा चेहरा लाल झाला, पण आवाज चढला नाही. हे पुस्तकाचं विद्रूपीकरण आहे, म्हणाले. आता तिला इथे येता येणार नाही, आणि कुठल्या विद्यापीठाने तिची चौकशी केली तर आपण काय सांगणार ते तिने समजून घ्यावं. मग त्यांनी ड्रॉवर उघडला आणि म्युझियमचं चिन्ह असलेलं एक पांढरं पाकीट काढून टेबलावर ठेवलं. शिफारसपत्र. शुक्रवारीच लिहून ठेवलं होतं, म्हणाले, आणि फार चांगलं लिहिलं होतं. आपण काय घालवलं ते तिला कळलं पाहिजे.

मीनाक्षीने पाकिटाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

“सर, त्यात माझं नाव काय लिहिलंय?”

हॅलॉकनी पाकीट फोडलं, कागद अर्धा वर काढला, पहिली ओळ वाचली. मग कागद परत आत सारला आणि पाकीट ड्रॉवरमध्ये टाकलं. तिने रेनकोट घेतला आणि निघाली.