मुंग्यांची रांग

समजा, तुमच्यासमोर चाक फिरतंय. ओल्या मातीची भिंत दोन्ही हातांनी वर न्यायची, निमुळती करत न्यायची आणि टोकाशी बंद करायची. हात जरा अडखळला की अख्खा सुळका मान टाकतो. जमलंच, तर ताजीनचं झाकण झालं. ताजीन म्हणजे मोरोक्कोकडचं मातीचं भांडं: खाली उथळ थाळा, वर उंच टोकदार झाकण. वाफ त्याला लागून पुन्हा खाली उतरते. अट एकच, मध्येच झाकण उचलायचं नाही.

उल्काला चाक जमलं, रंगकाम जमलं. अडचण अटीची होती. तिचा नवरा हेमचंद्र स्वयंपाकघरातून रिकाम्या तोंडाने कधी बाहेर पडला नव्हता. आणि पुण्याहून त्यांच्याकडे जपानात, त्सुकुबाला राहायला आलेल्या सासूबाई 'मीठ बघते' म्हणत निम्मी भाजी बघत.

पुण्यात उल्का सॉफ्टवेअर तपासायची. चुका पकडायची खोड जुनीच. त्सुकुबात मातीकाम शिकवणाऱ्या नोदा सेन्सेईंच्या, म्हणजे नोदाबाईंच्या, कार्यशाळेत तिने ताजीनवर निळी नक्षी काढली, आणि झाकणावरून थेट थाळ्यापर्यंत उतरणारी लाल मुंग्यांची रांग. झाकण तसूभर सरकलं की रांग मोडणार!

"उल्का-सान, मी मोरोक्कोत शिकले," सेन्सेई म्हणाल्या. "तिथे मुंग्या पाहिल्या नाहीत."

"आमच्या घरी गरज आहे, सेन्सेई."

"मग तुमच्या घरीच जेवते. भांडं पटलं तर शरदातल्या विक्रीत मांडू. नाहीतर मुंग्यांसकट तुमच्याकडे."

रविवारी उल्काने ताजीनमध्ये आठ भरली वांगी लावली, मुंग्या जुळवल्या, मायलेकांना दम दिला आणि सेन्सेईंना आणायला स्टेशनवर गेली. परतली तर रांग सरळ. तिला हायसं वाटलं. सेन्सेई स्वयंपाकघरात हात धुऊन आल्या, तोवर तिने पानं घेतली. मग ताजीन टेबलावर आणलं आणि झाकण उचललं.

वांगी सात.

"हेमचंद्र!"

"अगं, माझ्या शर्टाची बटणं खालीवर लागतात. मी मुंग्या जुळवणार?"

"आई?"

"चष्म्याशिवाय मला वांगं दिसत नाही, मुंग्या कुठल्या!"

"चष्मा डोक्यावर आहे तुमच्या."

"अगोबाई, तोच शोधत होते!"

मराठीतलं हे भांडण सेन्सेईंनी हात जोडून शांतपणे ऐकलं. मग झाकणावरची रांग पुन्हा एकदा निरखली.

"विक्रीत मांडू या," त्या म्हणाल्या. "मुंग्या राहू देत. आणि आतला गूळ फार छान आहे."

उल्का आनंदाने कमरेत वाकली आणि अर्ध्यातच थांबली. गूळ होता वांग्याच्या पोटात, आणि सेन्सेईंचं पान अजून कोरं होतं. वासावरून कळलं असेल? की झाकण अचूक परत बसवणारा हात त्या घरात एकच होता? पण ज्यांनी चाकावर हात धरून शिकवलं, त्यांना विचारायचं तरी कसं: सेन्सेई, ते आठवं वांगं तुम्ही खाल्लंत का?