छपरावरच्या दोन रेघा

माणूस आपल्या घराचं छप्पर कधी बघत नाही. पडद्यांच्या रंगावरून महिनाभर भांडेल, पण डोक्यावर काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. हे मी सांगू शकतो, कारण लोकांची छपरं बघणं हाच आता माझा धंदा आहे. अठरा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढली, मग एका मंगळवारी सकाळी ऑफिसचा लॅपटॉप आपला आपणच बंद झाला आणि मी रिकामा झालो. ओळखीतले काका-काकू सांत्वनाला यायला लागले तेव्हा वैतागून ड्रोनचं लायसन्स काढलं. आता अमेरिकेतल्या या कॅरीत आणि आसपासच्या गावांत विमा कंपन्यांसाठी छपरांचे फोटो काढत हिंडतो.

अंगणात उभं राहायचं, ड्रोन वर सोडायचा आणि हातातल्या स्क्रीनवर बघायचं. गारांचे व्रण, उचकटलेली शिंगलं, टेनिसचे बॉल, एकदा तर एक अख्खी चप्पल. शिंगल म्हणजे छपराचे डांबरी पत्रे. त्यांच्यावर बारीक खडी चिकटवलेली असते. ती झडली की खालचं डांबर काळं दिसायला लागतं. गारांचे डाग विखुरलेले असतात, आणि कोणी चाललं असेल तर सलग पट्टा उमटतो. रिपोर्टात त्यासाठी ‘फूट ट्रॅफिक’ असा रकाना आहे. मी घरी त्याला पायवाट म्हणतो. छपरावर पायवाट आहे असं सांगितलं की घरमालक आधी कानांवर हात ठेवतो आणि मग बायकोकडे बघतो.

आमचं छप्पर गारपिटीनंतर नवं घातलं होतं. त्याच्या पुढच्याच महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले. अकराव्या आठवड्यात आई गेली. वरच्या मागच्या खोलीत दुपारी आडवी झाली ती उठलीच नाही. सगळं इथेच करावं लागलं. नाशिकहून बहीण आली आणि अस्थी घेऊन गेली, गोदावरीत सोडल्या. बाबा मात्र गेले नाहीत. मी त्यांची कागदपत्रं केली आणि ते त्याच खोलीत राहिले.

आईचं शरीर इथल्या वेळेवर कधी आलंच नाही. भर दुपारी जांभया द्यायची, पहाटे तीनला तिला जेवायची भूक लागायची. दोघांनी मनगटावरची घड्याळं तिकडच्याच वेळेला ठेवली होती आणि त्यावरून मी चिडायचो. आई हसून म्हणायची की तुमचे दुपारचे साडेबारा म्हणजे आमचे रात्रीचे दहा, आमची शतपावलीची वेळ झाली. नाशिकला बिल्डिंगच्या गच्चीवर रोज रात्री दहाला दोघं शंभर पावलं घालायची. आई बुटकी, तिची पावलं लहान आणि भरभर. तिची शंभर व्हायची तेव्हा बाबांची चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीच झालेली असायची. ती थांबायची, ‘माझी झाली, चला’ म्हणायची आणि बाबा कुरकुरत थांबायचे. बाबांची शतपावली उभ्या जन्मात पूर्ण झाली नाही, हा आमच्या घरातला जुना विनोद.

गेल्या हिवाळ्यात बाबा ड्राइव्हवेवर घसरून पडले आणि मनगट मोडून बसले. बायको दिवसभर तिच्या फार्मा कंपनीत, मुलगी कॉलेजला दुसऱ्या राज्यात, मी लोकांच्या अंगणात. आम्ही दोघांनी ठरवलं की आणखी एकदा पडले तर त्यांना एकटं ठेवायचं नाही, नाशिकला बहिणीकडे पाठवायचं. मी बाबांना तसं स्पष्ट सांगितलंही. बाबा म्हणाले, “तिला एकटीला इथे टाकून जाऊ?”

मी म्हटलं की बाबा, आईला तर आपण गोदावरीत सोडलं. ते चष्मा पुसायला लागले. म्हातारपणी माणूस असं बोलतो, असं मी स्वतःला समजावलं.

सप्टेंबरात मी नवा ड्रोन घेतला. रविवारी कॅमेरा तपासायला म्हणून आपल्याच घरावरून एक फेरी मारली, आणि फोटो लॅपटॉपवर उघडून चहा पीत बसलो. मुख्य छप्पर ठणठणीत. घराच्या मागे एक खोली बाहेर काढलेली आहे, तिचं छप्पर एक मजली, उतार नावाला. बाबांच्या खोलीची खिडकी त्याच्यावरच उघडते. तो फोटो मोठा केला आणि चहाचा कप तसाच हातात राहिला. राखाडी शिंगलांवर दोन काळ्या रेघा होत्या. खिडकीपासून निघून धुराड्यापर्यंत जाणाऱ्या, अगदी शेजारी शेजारी. एक बाहेरची, पन्हळीपासून जेमतेम दीड फुटावर. दुसरी आतली, भिंतीच्या बाजूची, थोडी अरुंद.

दुसऱ्या कोणाचं घर असतं तर डोळे झाकून लिहिलं असतं: फूट ट्रॅफिक, दोन व्यक्ती. पण छप्पर घातल्यापासून आमच्याकडे वर कोणी चढलेलं नव्हतं. मी छपरांवर चढणारे रॅकून प्राणी आठवले, पन्हळ साफ करणारे आठवले. आतली रेघ पाण्याने पडली असेल असंही म्हणून पाहिलं, पण वरच्या छपराला स्वतःची पन्हळ आहे, पाणी तिथे पडतच नाही. लॅपटॉप मिटला. बायकोला काही बोललो नाही. संध्याकाळी बाबांना सहज विचारल्यासारखं विचारलं की खिडकी उघडता का. म्हणाले, हवा घेतो थोडी. खोटं बोलायची त्यांना सवय नाही, आणि हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, म्हणून मला आणखीच भीती वाटली.

मंगळवारी दुपारी मी घरामागच्या ग्रीनवेच्या, म्हणजे झाडांतल्या फिरायच्या रस्त्याच्या, तोंडाशी गाडी लावली आणि बाराच्या पुढे ड्रोन वर नेला. स्वतःच्या घरावर असं चोरून नजर ठेवताना लाज वाटत होती. वरून आमचं घर ओळखीचं वाटेना. माणसं सोडून गेलेल्या घरासारखं गप्प होतं. साडेबाराला दोन मिनिटं असताना खिडकी वर सरकली. तिची जाळी आधीच काढलेली होती, ते माझ्या तेव्हा लक्षात आलं. आधी एक पाय बाहेर आला, मग पाठ, मग सावकाश अख्खे बाबा, पायात कॅनव्हासचे बूट. हाक मारायची सोय नव्हती, दचकले असते तर गेलेच असते.

बाबा सरळ उभे राहिले, वळले आणि त्यांनी खिडकीकडे हात केला. रिक्षातून उतरणाऱ्या माणसाला आपण हात देतो तसा. थोडा वेळ हात तसाच धरला, मग खाली घेतला आणि ते बाहेरच्या रेघेवर गेले. चालायला लागले. ओठ हलत होते, पावलं मोजत असावेत. धुराड्यापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. जाताना बाहेरची रेघ, येताना बाहेरची रेघ. आतल्या रेघेवर त्यांचं एकही पाऊल पडलं नाही. मी डोळे फाडून तेवढंच बघत होतो. मध्येच ते थांबले, वर माझ्या ड्रोनकडे पाहिलं, मग मान वळवून भिंतीच्या बाजूला, खांद्याएवढ्या उंचीवर, काहीतरी बोलले आणि हसले. मी ड्रोन उतरवून गाडीकडे धावलो.

घरी पोचलो तेव्हा खिडकी बंद होती आणि बाबा खुर्चीत बसून बूट सोडत होते. माझा पारा चढलेला होता. पडला असतात तर, असं काय काय बोललो. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच म्हणाले की कडेने ते स्वतः चालतात, तिला उंचीवर चक्कर येते म्हणून तिला भिंतीकडून घेतात. सांगताना आवाज अगदी साधा होता. मी म्हटलं, बाबा, तुम्ही एकटे आहात तिथे, आणि फोटोत रेघा दोन आहेत. मला त्यांना गप्प करायचं होतं. पण त्यांचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं.

“तुला दिसली?” ते म्हणाले. “तुझ्या यंत्रात दिसली ती?”

रात्री जेवताना बायकोला सगळं सांगितलं, फक्त आतल्या रेघेबद्दल सांगितलं नाही. तिने ताट बाजूला सारलं. बाबांवर तिचा माझ्याइतकाच जीव आहे, म्हणूनच ती घाबरली होती. “तू इन्स्पेक्टर आहेस ना यार?” ती म्हणाली. “दुसऱ्या कोणाच्या घरी हे बघितलं असतंस तर काय लिहिलं असतंस?” मला उत्तर माहीत होतं. सकाळी मी खिडकीच्या चौकटीत चार स्क्रू मारले. बाबा पलंगावर बसून बघत होते, मध्ये खाली पडलेला एक स्क्रू त्यांनीच उचलून हातात दिला. असंही ठरलं की त्यांचं चालणं खाली अंगणात होईल, दुपारी मी जमेल तेव्हा येऊन जाईन, आणि तरीही ते खिडकीशी खटपट करताना दिसले तर बहिणीला फोन करायचा.

बाबांनी खिडकीला हातही लावला नाही. तिसऱ्या दिवशी मी साडेबाराला घरी आलो तर ते मागच्या अंगणात कुंपणाला धरून चालत होते. हिरवळ सपाट, पडले तरी लागायचं नाही, मला हायसं वाटलं. मी मागच्या दाराबाहेरच्या लाकडी डेकवर उभा राहून बघत होतो. चालता चालता त्यांनी दोनदा वर, बंद खिडकीकडे पाहिलं. मग ते थांबले आणि माझ्याकडे आले.

“आज शंभर झाली,” बाबा म्हणाले.

मी बरं म्हटलं. त्यांना पाणी दिलं. ते खोलीत गेले आणि पहिल्यांदाच दुपारी दार लावून झोपले. संध्याकाळी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही तसंच, शंभर झाली म्हणाले आणि ताटावरून उठले. मी एका गिऱ्हाईकाच्या अंगणात ड्रोन उतरवत होतो तेव्हा एकदम डोक्यात उजेड पडला. शंभर झाली, कारण मध्ये थांबवायला कोणी नव्हतं. मी त्या अनोळखी माणसाच्या अंगणात उभा राहून रडलो. तो बिचारा समजला की त्याचं छप्पर फारच वाईट आहे.

बायकोशी दोन रात्री वाद झाला. शेवटी तिने अट घातली की जो काय वेडेपणा करायचा तो मी बरोबर असताना, आणि कडेला कठडा घालून. मी पन्हळीच्या आत लाकडी कठडा बसवला, कमरेएवढा. हे नियमात बसतं का ते मी बघितलेलं नाही, बघायची इच्छाही नाही. मग चारही स्क्रू काढले. आता रोज साडेबाराच्या आत घरी येतो, नोव्हेंबरात इथली घड्याळं हिवाळ्यासाठी तासभर मागे गेल्यापासून साडेअकराच्या आत. त्या वेळेची कामं कॅन्सल करतो.

पहिल्या दिवशी मी आधी बाहेर पडलो आणि कठड्याला लागून उभा राहिलो. बाबा आले, वळले, खिडकीकडे हात केला, थांबले. मी दुसरीकडे बघितलं. मग ते बाहेरच्या रेघेवर आणि मी त्यांच्या डाव्या हाताला, कठड्याशी, असे निघालो. त्यांनी मोजायला सुरुवात केली, मीही मनात त्यांच्याबरोबर मोजत राहिलो. उन्हात आमच्या दोघांच्या सावल्या पायाशी पडलेल्या होत्या. दोनच, मी नीट पाहिलं. भिंतीच्या बाजूला हात-दीड हात जागा सुटलेली होती. वळताना जागा पुरत नव्हती, माझा तोल थोडा आत गेला, तरी त्या रेघेवर पाय ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

सत्तर झाली. ऐंशी झाली. मला वाटत होतं की बाबांनी शंभर म्हणावं आणि हे संपावं. आणि त्यांनी शंभर म्हणू नये असंही वाटत होतं. चौऱ्याऐंशीला बाबा थांबले. धुराडं अजून चार पावलांवर होतं.

“काय झालं, बाबा?” मी विचारलं.

“माझी कुठे होतायत,” ते कुरकुरत म्हणाले. “तिची झाली.”

मागे फिरून आम्ही खिडकीपाशी आलो. दुपारी मला तीन घरं बघायची होती, उशीर झाला होता, म्हणून मी आत जायला पाय उचलला. बाबांनी माझ्या दंडाला धरून मला बाजूला घेतलं आणि खिडकीकडे हात केला. मी खिडकीचं वर सरकवलेलं तावदान हाताने धरून ठेवलं आणि त्यांच्याबरोबर थांबलो.