झुंबरबाईचं खारट औषध

वडनेर भोलजीच्या मळ्यांत झुंबरबाईइतकी स्वच्छ बाई दुसरी नव्हती. वांगी तोडून आली की आधी हातपाय घासायची, मग चुलीकडे वळायची. दुसऱ्याच्या उष्ट्या गडव्याला तोंड लावायची नाही. अशा बाईला आपल्याच पायांची किळस यावी, हे तिच्या नशिबी आलं.

धाकटी रुख्मिणी पोटात होती तेव्हापासूनचं ते दुखणं. दुखणं तरी कसं म्हणावं? दुखत नव्हतंच. दिवसभर वाफ्यांत वाकली तरी काही नाही. पण दिवे लागले आणि जरा टेकली, की पोटऱ्यांच्या आत, हाडाला लागून, अळ्या वळवळायला लागायच्या. पाय झटकला की थांबायच्या, ठेवला की पुन्हा सुरू. सासूबाई तानुबाईंनी बोकडाची चरबी आणि लसूण खलून पायांना बांधलं. त्या वासानं झुंबरबाईनं जेवण ओकून टाकलं आणि पायांतल्या अळ्या होत्या तशाच राहिल्या.

रुख्मिणीला बघायला संग्रामपूरहून पाहुणे आले तेव्हा मात्र अब्रूचा प्रश्न झाला. मुलाची आई अन्नपूर्णाबाई सतरंजीवर बसलेली, तिच्यासमोर झुंबरबाई. बोलणी संध्याकाळपर्यंत लांबली. झुंबरबाईनं पाय दुमडले, पसरले, पदराखाली चिमटे घेतले, आणि शेवटी ताडकन उठली. पुन्हा बसली. पुन्हा उठली.

"इहीणबाई, काऊन वं अशा करता?" अन्नपूर्णाबाईनं विचारलं. "आंगात-बिंगात येते का काही?"

"नाई वं माय, पायाले मुंग्या आल्या," झुंबरबाई म्हणाली. पण अन्नपूर्णाबाईची नजर तिच्या पायांवरून हलली नाही. सोयरीक ठरली, तरी जाताना तिनं झुंबरबाईच्या नवऱ्याला, शेषरावांना, बाजूला घेऊन सांगितलं, "साक्षगंधाच्या अगोदर बाईले कोनाले तरी दाखवा."

शेषरावांनी बायकोला तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं, त्यामुळे डॉक्टर जबलपूरकडून बदलून आलेला. त्यानं नाडी बघितली, गुडघ्यावर टिचकी मारली आणि म्हणाला, "नसों की बीमारी है. एक खुराक रोज शाम को." बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवलेली, एका खाचेला एक खुराक. औषध पाण्यासारखं निर्मळ आणि समुद्राच्या मिठासारखं खारट.

त्यानं पाय थांबले. कित्येक वर्षांनी झुंबरबाई मेल्यासारखी झोपली. साखरपुड्याचा, साक्षगंधाचा दिवस जवळ आला तसं तिनं आपल्या मनानं दोन-दोन खाचा घ्यायला सुरुवात केली. पाहुण्यांसमोर पाय हलायला नकोत, एवढंच डोक्यात. बाटली संपली की शेषराव बिचारे न विचारता दुसरी आणत.

पण मग तोंडाला वास यायला लागला. राखेनं घासलं, कडुलिंबाची काडी चावली, तरी सडलेल्या कांद्यासारखा वास जाईना. हनुवटीवर, कपाळावर, खांद्यांवर पुटकुळ्या उठल्या, पिकल्या, फुटल्या. उशीला पू लागायचा. जीभ जड झाली, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची आणि तिला ती कळायचीही नाही. बादलीतल्या पाण्यात तोंड दिसलं की ती बादली ओतून टाकायची.

साक्षगंधाच्या दिवशी वरण तिनंच केलं. तोंडात सगळंच खारट लागत होतं, म्हणून मीठ घालायचं राहून गेलं. पंगतीत पहिल्याच घासाला माणसं एकमेकांकडे बघायला लागली. कसनुशी होऊन झुंबरबाई तुपाची वाटी घेऊन धावली, अन्नपूर्णाबाईच्या पानावर वाकली, आणि तिच्या ओठावरून लाळेची तार थेट पुरणपोळीवर पडली.

अन्नपूर्णाबाईनं पान दूर ढकललं. "शी, शी! काय वं हे!" तिला उमासा आला. पदर तोंडाला लावून ती उठली.

रुख्मिणी धावत आली. तिनं आईच्या हातातली वाटी ओढून घेतली. "माय, तू आत जाय. जाय न वं!" ती बोलली, आणि बोलताना तिनं नाक फिरवलं. झुंबरबाईनं ते पाहिलं. सगळ्या पंगतीचं शी-शी तिला सोसलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः दवाखान्यात गेली. डॉक्टरनं तोंड बघितलं आणि कपाळाला हात लावला. "कितना पी रही थी?"

तिनं खरं सांगितलं.

"दवा बंद. नमक खाओ, पानी खूब पियो, उसी से दवा बदन से निकलेगी. धीरे-धीरे असर उतरेगा."

"आन् पाय?"

"पैर का... मेरे पास और कुछ नहीं है, बाई."

मिठानं आणि पाण्यानं तोंडाचा वास गेला, लाळ थांबली, पुटकुळ्या सुकून काळे डाग उरले. पण पाय सूड घ्यावा तसे उठले. तेव्हा तिनं शेषरावांकडून मोट हाकायचं काम मागून घेतलं.

"लोक हासतीन न तुले," शेषराव म्हणाले.

"हासू द्या. मले बसता येत नाई, आन् वांग्याईले पानी तं पाह्यजेच."

संध्याकाळी बैलांमागे ती विहिरीच्या उतरत्या धावेवर खाली-वर करायची, मग गुडघ्यापर्यंत पाय पाटाच्या गार पाण्यात धरून उभी राहायची. तेवढ्यानं रात्रीचा पहिला पहर तरी झोप लागायची. बाकीची रात्र तशीच जायची.

सोयरीक कशीबशी टिकली होती. लग्नाआधी झुंबरबाईनं अन्नपूर्णाबाईला तोंडावर सांगितलं, "इहीणबाई, माह्या पायाले रोग हाये. मी बसनार नाई, उभ्यानंच सगळं करीन. आंगात येत नाई, कोनाले लागत नाई."

"बरं," एवढंच अन्नपूर्णाबाई म्हणाली.

लग्नाच्या पंगतीत झुंबरबाई अखेरपर्यंत उभी राहून वाढत होती. वरणात मीठ बरोबर होतं. तिनं दोनदा चाखलं होतं. अन्नपूर्णाबाईनं तिच्या हनुवटीवरचे डाग निरखले, बोटं निरखली, आणि जेवली. पाणी मात्र संग्रामपूरहून आणलेल्या आपल्याच तांब्यातलं प्यायली, आणि पिण्याआधी तांब्याचा काठ पदरानं पुसला.

झुंबरबाईला ते दिसलं. जुनी शिसारी पुन्हा आली, पण या वेळी ती स्वतःची नव्हती, त्या पुसलेल्या काठाची होती. तिनं पंगतीतल्या पुढच्या म्हाताऱ्याचं पान गाठलं आणि विचारलं, "भाजी वाढू का, मामाजी?"