मुदतीआधी मोकळं झालेलं घर

कॅशिअरने वीस रुपये परत केले आणि बाईंनी ते पुन्हा आत सरकवले. असं दोनदा झाल्यावर रांगेतले लोक कुरकुरायला लागले. कॅशिअर म्हणत होता, हप्ता एकशे छत्तीसचा आहे, मी एकशे छप्पन्न घेऊ शकत नाही. बाईंचं म्हणणं, पैसे देणाऱ्याची तक्रार नाही तर घेणाऱ्याची का. शेवटी त्याने माझ्या टेबलाकडे बोट दाखवलं.

मी तेव्हा वर्ध्याच्या एका सहकारी बँकेत लोन ऑफिसर होतो. इंदूबाई कोठे माझ्यासमोर बसल्या. त्यांचे यजमान नामदेवराव गावातल्या एका जिनिंगमध्ये फिटर होते, म्हणजे कापसातून सरकी काढणारी यंत्रं चालू ठेवणं हे त्यांचं काम. पिपरी मेघेला प्लॉट घेऊन त्यांनी दोन खोल्या बांधल्या होत्या. त्यासाठी आमच्याकडून बारा हजारांचं हाउसिंग लोन घेतलं होतं, पंधरा वर्षांच्या मुदतीचं. घर बँकेकडे गहाण होतं. घर कर्जदाराचं, त्यात राहायचंही त्यानेच, पण मूळ कागद आमच्या तिजोरीत आणि सरकारी नोंदीत आमचा बोजा, असा तो व्यवहार असतो. बोजा असेपर्यंत घर विकता येत नाही आणि हप्ते थकले तर बँक जप्ती आणू शकते.

"मले एवढंच सांगा साहेब," त्या म्हणाल्या, "हे वीस रुपये जास्तीचे भरले तं काय होते?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. लोक विचारत, कर्ज किती मिळेल. मी कागद घेऊन त्यांना दाखवलं. पहिल्या हप्त्याच्या एकशे छत्तीस रुपयांपैकी एकशे दहा व्याजात जातात आणि फक्त सव्वीस मुद्दलात. मुद्दल म्हणजे खरं घेतलेलं कर्ज. जास्तीचे वीस मात्र पूर्णच्या पूर्ण मुद्दलात जातात, कारण त्या महिन्याचं व्याज आधीच भरलेलं असतं. तेवढ्या रकमेवर पुढे व्याज लागत नाही.

बाईंनी कागदाकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे हे वीस रुपये जवळपास एका हप्त्याचं काम करतेत."

मी हो म्हटलं. पण तेवढ्यावर भागणार नव्हतं. आमच्याकडे जास्तीची रक्कम घेतलीच तर ती पुढच्या हप्त्याचा अॅडव्हान्स म्हणून पडून राहायची, मुद्दल तसंच. मी मॅनेजरसाहेबांकडे गेलो. ते वाईट माणूस नव्हते, पण त्यांना माझा वेळ दिसत होता. कॉम्प्युटर नव्हता, दर वेळी उरलेल्या कर्जाचा हिशेब हाताने नव्याने मांडावा लागणार होता.

"उद्या सगळे कर्जदार असे सुटे पैसे घेऊन आले तर?" त्यांनी विचारलं.

"सगळे येणार नाहीत, सर," मी म्हटलं.

त्यांनी परवानगी दिली, पण दोन अटी घातल्या. एका वेळी किमान पन्नास रुपये हवेत, आणि दर वेळी अर्जात 'मुद्दलात जमा करावे' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. इंदूबाईंनी तिथेच सेव्हिंग खातं उघडलं. तिथे पन्नास साठले की इकडे भरायचे, असं ठरलं.

त्यानंतर त्या येत राहिल्या. पैसे कुठून येतात हे मला हळूहळू कळत गेलं. समोरची खोली त्यांनी सेवाग्रामला शिकणाऱ्या दोन मुलींना भाड्याने दिली होती आणि चौघांचं कुटुंब मागच्या खोलीत राहत होतं. मागच्या अंगणात वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावला होता. घरची गरज भागून उरेल तो माल बाजारात जायचा. दुपारी ब्लाऊज शिवायच्या. नामदेवराव जिनात सायकलने जात आणि डबा घरून नेत. सगळ्यात मोठी बचत मात्र घरावरच होती. बाहेरच्या भिंतींना प्लास्टर केलंच नव्हतं. आतून सारवल्यासारखं स्वच्छ, बाहेरून नुसत्या विटा.

ही गोष्ट नामदेवरावांना बोचत होती. पाच-सहा वर्षं गेल्यावर ते एकटेच माझ्याकडे आले. मोठी मुलगी वंदना लग्नाची झाली होती आणि समुद्रपूरकडचे पाहुणे तिला पाहायला येणार होते. जास्तीचे भरलेले पैसे परत काढता येतात का, असं त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

ती ठेव नव्हती, पैसे परत मिळणार नव्हते. मी तसं सांगितलं. मॅनेजरसाहेबांनी केबिनमधून ऐकलं आणि बाहेर येऊन म्हणाले, एवढा नियमित कर्जदार आहे, घरदुरुस्तीचं नवीन लोन देऊ. बँकेच्या दृष्टीने हे बरोबरच होतं. मी फॉर्म दिला. पण प्लॉट दोघांच्या नावावर असल्याने सही दोघांची लागणार होती.

दुसऱ्या दिवशी दोघं आले. इंदूबाईंनी फॉर्म वाचला आणि टेबलावर ठेवला.

"लोक पोरीले पाहाले येऊन राह्यले," नामदेवराव माझ्याकडे पाहत म्हणाले, "अन् घराच्या विटा उघड्या. मले मान वर करता येत नाई, साहेब."

"जिनात पह्यल्यासारखा कापूस येत नाई, हे तुमीच घरी सांगता," इंदूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "उद्या जिन बंद पडलं तं हे नवीन कर्ज कोन फेडन? मी सही नाई करत."

नामदेवराव उठून बाहेर गेले. मी पाणी मागवलं, ते इंदूबाई प्यायल्या नाहीत. दोघांचंही खरं होतं आणि माझ्या हातात फक्त फॉर्म होता.

पाहुणे आले, पोहे खाऊन गेले आणि महिन्याने नकार आला. विटांमुळे की आणखी कशामुळे, हे कोणी सांगत नसतं. नामदेवरावांनी त्यानंतर बरेच दिवस बायकोशी कामापुरतंच बोलणं ठेवलं, असं पुढे त्यांनीच मला सांगितलं. इंदूबाई त्या काळातही पन्नास रुपये घेऊन येत होत्या. फक्त बसत नव्हत्या.

पुढच्या वर्षी वंदनाचं गिरडकडच्या एका शाळामास्तराशी जमलं. मुलाच्या वडिलांनी घर स्वतःचं का, असं विचारलं, तेव्हा नामदेवरावांनी सरळ सांगितलं की थोडं बँकेचं बाकी आहे. लग्न साधेपणाने दारातच झालं. मीही जेवून आलो.

त्यानंतर दोन हंगामांनी जिन खरंच बंद पडलं. शेठजींनी जागा विकायला काढली आणि कामगारांचा हिशेब करून दिला. जिनातल्या आणखी काही जणांनी आमच्याकडून घरासाठी कर्जं घेतली होती. हप्ते थकायला लागले आणि वसुलीच्या नोटिसा घेऊन त्यांच्या दारी जायचं काम माझ्यावर आलं. नोकरीतले ते माझे सगळ्यात वाईट महिने. ओळखीची माणसं मला पाहून आत जायची.

कोठेंच्या दारी मला जावं लागलं नाही. नामदेवराव आणि इंदूबाई दोघंच बँकेत आले. मी बाकी काढली. मुदतीची निम्म्याच्या आसपास वर्षं शिल्लक होती आणि कर्ज हजाराच्या आत आलं होतं. जिनातून मिळालेल्या रकमेतला लहानसा भाग त्यासाठी पुरला. बाकीचे पैसे त्यांच्या खात्यात राहिले.

नामदेवरावांनी नोटा मोजल्या, पण खिडकीत दिल्या नाहीत. त्या बायकोच्या हातात ठेवल्या.

"तूच भर," ते म्हणाले. "मी तं हे सारं मोडाले निंगालो होतो."

इंदूबाईंनी पैसे भरले. मी तिजोरीतून मूळ कागद काढून दिले, बोजा उतरवायचं पत्र दिलं आणि ते कुठल्या कचेरीत द्यायचं ते सांगितलं. नामदेवरावांनी कागद दोन्ही हातांनी घेतले. ते हसले.

भाड्याने राहणाऱ्या मुली गेल्यावर नामदेवरावांनी समोरच्या खोलीत मोटरपंप दुरुस्तीचं दुकान काढलं. ते कळल्यावर मॅनेजरसाहेब मला घेऊन मुद्दाम तिथे गेले आणि धंद्यासाठी लोन घ्या म्हणाले. इंदूबाईंनी आम्हाला चहा दिला, भजी दिली आणि लोनचा विषय काढूच दिला नाही. परत येताना साहेब म्हणाले, "चांगलं गिऱ्हाईक गेलं आपलं."

ते खरंच होतं. वेळेवर फेडणारा कर्जदार बँकेला फार आवडतो. वेळेआधी फेडणाऱ्याला बँक फक्त पावती देते. ती मागून घ्यावी.